झुकिनी, दुधी, दोडका: पाणचट भाजीचं करायचं काय?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. मापं मात्र शेवटी एकत्र दिली आहेत, म्हणजे स्क्रीनशॉट काढायला सोपं.)

जेवलात का?

जेवलात म्हणताय, तर पुढचा प्रश्न. भाजी काय होती?

फोनवर आई रोज हेच विचारते ना? "जेवलास का" एवढ्यावर तिचं समाधान होत नाही. आणि दुसऱ्या प्रश्नाला आपली गाडी अडते. सकाळी पोहे झाले, दुपारी ऑफिसखाली वडापाव झाला, रात्री ॲपवरून बिर्याणी आली. पोट भरलं. पण भाजी?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात. आता गंमत ऐका, यात बटाटा धरत नाहीत. म्हणजे वड्यातला बटाटा, मसाला डोशातला बटाटा, बिर्याणीतला बटाटा, सगळा हिशोबाबाहेर. आता स्वतःचा कालचा दिवस आठवा आणि मनातल्या मनात बेरीज करा. माझ्यासारख्या फ्लॅटवर राहणाऱ्या मुलामुलींची बेरीज बरेचदा शंभरच्या आत येते.

मी हिंजवडीत राहतो, फ्लॅटमध्ये आम्ही तिघे. स्वयंपाकाच्या मावशी दीड वर्षापूर्वी गावी परत गेल्या आणि आमचं सगळं ॲपवर आलं. मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत आमच्यातल्या एकाचे ट्रायग्लिसराइड्स वाढलेले निघाले. वय अठ्ठावीस. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. म्हणाले, बाहेरचं कमी कर, ताटात भाजी वाढव, चालायला लाग, तीन महिन्यांनी परत ये. गड्याचा चेहरा उतरला होता. कारण त्याच्या वडिलांना पन्नाशीच्या आत हृदयाचा त्रास झालाय. त्याला तो रिपोर्ट म्हणजे नुसता कागद वाटत नव्हता.

तेव्हा आमच्यासमोर प्रश्न साधा होता. रात्री नऊला लॅपटॉप बंद केल्यावर, पंधरा मिनिटांत, एका शेगडीवर, रोज करता येईल अशी भाजी कोणती? मेथी निवडत बसायला वेळ नाही. फ्लॉवर, गवार चालेल, पण वेळ लागतो. उत्तर मिळालं ते सगळ्यांनी नाकं मुरडलेल्या भाज्यांमध्ये. झुकिनी, दुधी, दोडका, घोसाळं. निवडायचं काही नाही, चिरायला सोप्या, शिजायला झटपट. तक्रार एकच: पाणचट लागतात!

आजचा अख्खा भाग या एका तक्रारीवर आहे. कारण माझं म्हणणं असं की चव हा या भाज्यांचा प्रॉब्लेम नाहीच. प्रॉब्लेम पाण्याचा आहे. तो एकदा कळला की रेसिपी पाठ करावी लागत नाही.

हे सगळं एकच खानदान

आधी थोडी ओळख. झुकिनी दिसते काकडीसारखी, पण ती भोपळ्याची बहीण. इंग्रजीत 'समर स्क्वॉश' म्हणतात त्यातला हा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार. 'समर' अशासाठी की फळ कोवळं असताना, साल मऊ असतानाच तोडून खायचं. लाल भोपळा कसा, पूर्ण पिकू देतात, साल टणक होते आणि मग तो महिनोन् महिने टिकतो. त्याला तिकडे 'विंटर स्क्वॉश' म्हणतात. मोसमापेक्षा फरक कोवळं की पिकलेलं याचा.

या स्क्वॉशचं मूळ मेक्सिकोकडचं. तिथे वाहाका भागातल्या एका गुहेत सापडलेल्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. पुढे ही भाजी युरोपात गेली, इटलीतल्या लोकांनी आज आपण बघतो ती लांबट हिरवी झुकिनी तयार केली आणि नावही त्यांचंच. इटालियनमध्ये 'झुक्का' म्हणजे भोपळा, त्याचं लाडाचं छोटं रूप झुकिनी. छोटा भोपळा. एवढ्या फॅन्सी नावाचा अर्थ एवढाच!

आपले दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ हे वनस्पतिशास्त्रात वेगळ्या शाखेतले, पण कुळ तेच, काकडी-भोपळ्याचं. सवयही तीच. कोवळं तोडायचं, कोवळं खायचं. म्हणून आज मी झुकिनीबद्दल जे सांगेन ते थोड्या फरकाने या सगळ्यांना लागू आहे. झुकिनी मोठ्या भाजीच्या दुकानात किंवा ॲपवर मिळते, पण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या काकूंकडे असेलच असं नाही. काकूंकडे दोडका आहे? मग दोडका घ्या. आणि जे श्रोते अमेरिकेत किंवा युरोपात आहेत, त्यांचं उलट. तुमच्याकडे दोडका शोधायला इंडियन स्टोअर गाठावं लागतं आणि उन्हाळ्यात झुकिनीचे मात्र ढीग असतात. तुम्ही तीच घ्या.

थोडं गणित, घाबरू नका

झुकिनीत साधारण ९५ टक्के पाणी असतं. दुधीतही जवळपास तेवढंच. म्हणजे तुम्ही ४०० ग्रॅम झुकिनी चिरून कढईत टाकलीत की त्यातलं ३८० ग्रॅम पाणी आहे. जवळजवळ दोन ग्लास पाणी तुम्ही कढईत ओतलंय, फक्त ते अजून दिसत नाहीये!

आता फिजिक्स. जोपर्यंत भाजीच्या अंगावर पाणी आहे, तोपर्यंत तिचं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही. आणि भाजलेल्या गोष्टीचा जो खमंगपणा असतो, कडेचा तांबूस रंग, तो वास, तो यायला साधारण १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे पाणी असेपर्यंत भाजी उकडते, भाजली जात नाही. आपल्याला जे 'पाणचट' लागतं ते हे.

शंभर मिली पाणी पूर्ण वाफ करून घालवायचं तर २००० वॅटच्या इंडक्शनला, सगळी उष्णता भांड्यातच गेली असं धरलं तरी, दोन मिनिटांच्या वर लागतात. प्रत्यक्षात जास्तच. आणि आपण काय करतो? छोट्या कढईत भाजीचा ढीग टाकतो, पहिल्याच मिनिटाला मीठ घालतो आणि वर झाकण ठेवतो. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, ढिगामुळे वाफेला वाट मिळत नाही, आणि झाकण उरलीसुरली वाफ परत खाली पाडतं. तीन बग एकाच वेळी, आणि मग आपण दोष देतो दुधीला.

मग या पाण्याचं करायचं काय? माझ्या मते तीनच मार्ग आहेत. आटवा, शोषून घ्या, नाहीतर कामाला लावा. आणि मंडळी, हे तिन्ही मार्ग आपल्या आज्यांना माहीत होते. त्यांनी कधी थर्मोमीटर लावला नाही, पण आपल्या घरातल्या पद्धती बारकाईने बघा, प्रत्येकीत पाण्याची व्यवस्था आहे.

मार्ग पहिला: आटवा

हा सगळ्यात झटपट. वरण-भात किंवा पोळी-आमटी आहे आणि ताटात बाजूला काहीतरी हवंय, तेव्हा हा.

झुकिनीच्या एक सेंटिमीटर जाड चकत्या करा. फार पातळ नको, लगदा होतो. लोखंडी तवा चांगला तापू द्या, चमचाभर तेल सोडा आणि चकत्या एका थरात मांडा. एकमेकींवर नाही, शेजारी शेजारी. जागा कमी पडली तर दोन खेपा करा. आता हात बांधून उभं राहा. ढवळायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी खालून तांबूस डाग पडले की उलटा. झाकण नाही, आणि अजून मीठही नाही.

दुसरी बाजू झाली की गॅस बंद. मग वरून मीठ, लाल तिखट, ठेचलेला लसूण, लिंबू. लसूण तव्याच्या उरलेल्या गरमीत शिजतो, करपत नाही. आठ मिनिटांत ताटात. दुधी किंवा दोडका करायचा तर चकत्या निम्म्या जाडीच्या करा, गॅस थोडा कमी ठेवा आणि तीन-चार मिनिटं जास्त द्या, कारण त्यांना शिजायला झुकिनीपेक्षा वेळ लागतो.

आमच्या फ्लॅटमधला लातूरचा गडी यावर काळा मसाला भुरभुरतो. मी आधी हसलो होतो, आता मीच डबा पुढे करतो.

मार्ग दुसरा: शोषून घ्या

हा माझा सगळ्यात आवडता, कारण अस्सल आपला. पीठ पेरलेली भाजी! ढोबळी मिरचीची खाल्ली असेल, कांद्याच्या पातीची खाल्ली असेल. तीच झुकिनीची करा.

बघा काय होतं. भाजी पाणी सोडते, तुम्ही वरून थोडं थोडं बेसन पेरता, बेसन ते पाणी पितं, त्याच पाण्यात शिजतं आणि भाजीच्या तुकड्यांना चिकटून बसतं. जे पाणी अडचण होतं तेच बेसन शिजवायला लागलं. वरून एक थेंब घालायची गरज नाही.

कढईत मोहरी, हिंग, हळदीची फोडणी. झुकिनीच्या मोठ्या फोडी घाला, मोठ्या आचेवर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं परता. मग तिखट, मीठ, चिमूटभर साखर. मीठ पडल्यावर मिनिटभरात पाणी सुटलेलं दिसेल, हीच वेळ. बेसन हाताने भुरभुरवत पेरा, एका जागी ओतू नका, गुठळ्या होतात. हलवा, आच बारीक करा, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं वाफ काढा. झाकण काढून परत दोन मिनिटं परता. बेसनाचा कच्चा वास गेला आणि भाजी मोकळी झाली की उतरवा. बेसन आधी कोरडं भाजून ठेवलंत तर काम अजून सोपं.

दाण्याचं कूट हेच काम करतं. दोडक्याच्या भाजीत आपण शेवटी कूट घालतो ते नुसतं चवीसाठी नाही, सुटलेला रस ते धरून ठेवतं. आणि दुधीत मूग डाळ घालतात तीही त्यातलीच. भिजवलेली डाळ दुधीच्या पाण्यात शिजते. तिथे झाकण ठेवायचं, पण कसं? ताटली ठेवून ताटलीत पाणी घालायचं. थंड ताटलीवर वाफ जमते आणि परत भाजीत पडते, त्यामुळे करपत नाही आणि वरून पाणीही लागत नाही. म्हणजे इथे पाणी घालवायचं नाही, राखायचं आहे, कारण डाळीला ते हवंय. झाकण चांगलं की वाईट, हे पाण्याला गिऱ्हाईक आहे की नाही त्यावर ठरतं.

मार्ग तिसरा: कामाला लावा

किसा! झुकिनी किंवा दुधी किसला, मीठ लावलं, पाच मिनिटं ठेवला की परातीत पाणी दिसतं. बरेच व्हिडिओ सांगतात की पिळून ते पाणी टाकून द्या. प्लीज टाकू नका. जीवनसत्त्व क पाण्यात विरघळतं, तुम्ही तेच बेसिनमध्ये ओतताय.

त्याऐवजी त्यातच भाजणी घाला. तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर. मावेल तेवढीच भाजणी, वरून पाणी नाही. थालीपीठ थापा. भाजणी नसेल तर ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन. आमच्याकडे रविवारी सकाळी हेच असतं, आणि "मी दुधी खात नाही" म्हणणाऱ्या नागपूरकर फ्लॅटमेटने त्यातला दुधी तीन थालीपिठं खाऊन झाल्यावर ओळखला.

दोडक्याच्या बाबतीत अजून एक. वरच्या शिरा काढता ना, त्या टाकू नका. थोड्या तेलात कुरकुरीत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ घाला आणि जाडसर वाटा. शिरांची चटणी. भाजी एक, पदार्थ दोन.

एक मिनिट, हे नीट ऐका

आता जरा सिरीयस होतो. हा भाग विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

चिरायच्या आधी एक छोटा तुकडा कच्चा चाखायचा. झुकिनी, दुधी, दोडका, काकडी, सगळ्यांना हे लागू. कडू लागला तर थुंका आणि अख्खी भाजी फेकून द्या. थोडी साखर घालू, मसाला वाढवू, शिजवल्यावर जाईल, असलं काही नाही. या कुळातल्या भाज्यांमध्ये कधी कधी कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं तयार होतात आणि ती शिजवून जात नाहीत. उलट्या, जुलाब, पोटात जोरात कळा, आणि गंभीर असेल तर उलटीतून रक्त. आपल्या देशात दुधीचा कडू रस पिऊन माणसं दगावली आहेत. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने यावर अभ्यास करून स्पष्ट सांगितलं की कडू दुधीचा रस पिऊ नका, आणि त्रास झाला तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. यावर ठरावीक उतारा नाही.

आणि घोळ कुठे होतो? हेल्दी म्हणून सकाळी रस पिणाऱ्यांचा. औषध कडूच असतं असं आपल्या डोक्यात बसलंय, म्हणून माणूस नाक दाबून ग्लास संपवतो. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्याचा स्वभाव आहे. दुधी कडू लागणं म्हणजे अलार्म. तुमच्या घरी आई-बाबा, काका कुणी रोज दुधीचा रस घेत असतील, तर आज रात्री फोन करून एवढं एक वाक्य सांगा. आधी चाखा.

यातून मिळतं काय?

खरं सांगू? सुपरफूड वगैरे काही नाही. १०० ग्रॅम कच्च्या झुकिनीत १७ च्या आसपास कॅलरी, १ ग्रॅम फायबर, सव्वा ग्रॅमच्या आत प्रोटीन. मग घ्यायची कशाला? एक तर पोटॅशियम, १०० ग्रॅमला साधारण २६० मिलिग्रॅम, केळ्यात ३५८ असतं. म्हणजे वाईट नाही. थोडं जीवनसत्त्व क. आणि कोवळी असेल तर साल काढायची नाही, धुऊन तशीच घ्या.

पण मोठा फायदा वेगळाच आहे. ताटातला अर्धा भाग कमी कॅलरीच्या भाजीने भरला की भात आपोआप एक वाढणी कमी होतो. आणि प्रोटीन या भाजीत नाही, म्हणून तर तिच्यात मूग डाळ, बेसन, कूट घालतात. पद्धती पाण्यासाठी होत्या, पोषणाचं कामही त्यांनीच केलं.

आमच्या गड्याचं काय झालं विचाराल. तीन महिन्यांनी आकडा खाली आला. याचं श्रेय मी झुकिनीला देणार नाही, त्याने कोल्ड्रिंक सोडलं, रोज चालतोही. पण त्या तीन महिन्यांत रात्रीचं जेवण घरात होऊ लागलं, आणि ते एवढ्यासाठीच टिकलं की भाजी पंधरा मिनिटांत होत होती आणि खावीशी वाटत होती.

घेताना आणि करताना

दोन माणसांसाठी मापं लिहून घ्या.

झुकिनी: १५ ते २० सेंटिमीटरची, घट्ट, चकचकीत सालीची. फार मोठी घेतली की आत बिया आणि पाणी जास्त. दुधीला नख सहज रुतलं पाहिजे (हळूच, काकू बघत नसताना). दोडका ताठ हवा, रबरासारखा वाकणारा नको. फ्रीजमध्ये न धुता ठेवा, चार-पाच दिवसांत संपवा.

तव्यावरची: झुकिनी २, तेल २ चमचे, लसूण ४ पाकळ्या, तिखट अर्धा चमचा, लिंबू अर्धं. मीठ गॅस बंद केल्यावर.

पीठ पेरून: झुकिनी ४०० ग्रॅम, बेसन ४ मोठे चमचे, तेल २ मोठे चमचे, फोडणीचं साहित्य.

दुधी-मूग डाळ: दुधी ४०० ग्रॅम, मूग डाळ पाव वाटी अर्धा तास भिजवलेली, हिरव्या मिरच्या २, जिरं, हळद, शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. ताटलीत पाणी ठेवून १० ते १२ मिनिटं.

थालीपीठ: किसलेली झुकिनी किंवा दुधी २ वाट्या, भाजणी मावेल तेवढी. पाणी नाही.

तर मंडळी, या आठवड्यात एकच करा. दोन झुकिनी किंवा एक दोडका आणा, चाखून घ्या आणि तव्यावर टाका. मीठ शेवटी. आणि पुढच्या वेळी आई विचारेल ना भाजी काय होती, तेव्हा फोटो पाठवा!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नीट जेवा.